लोहगड-विसापूरचा एक दिवसाचा फेरा

सह्याद्रीच्या छायेत वाढूनही सह्याद्रीवर पाऊल न ठेवलेली मुले आपल्या प्रांतात थोडीथोडकी नाहीत. भूगोलाच्या नकाशात त्यांनी हा पर्वत तपकिरी रंगात पाहिलेला असतो, इतिहासाच्या पुस्तकात त्यावरील किल्ल्यांची नावे पाठ केलेली असतात, आणि पुण्याहून मुंबईस जाताना आगगाडीच्या खिडकीतून त्याची निळसर रांग क्षणभर न्याहाळलेली असते. परंतु एवढ्याने पर्वताची ओळख झाली असे म्हणता येत नाही. ती ज्यास करून घ्यावयाची असेल त्याने सबंध एक दिवस राखून, पाठीवर शिदोरी व पाणी घेऊन, पायांनीच ती करून घेतली पाहिजे. अशा एक दिवसाच्या गिरिभ्रमणाची रीत काय, त्यात काय पाहावे, कशास भ्यावे आणि कशास भिऊ नये, हे विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस सांगावे, या हेतूने आम्ही प्रस्तुत लेख लिहीत आहोत. उदाहरणादाखल पुणे जिल्ह्यातील लोहगड व विसापूर या जोडकिल्ल्यांचा फेरा घेतला आहे; कारण तो फार सोपा नाही, फार अवघडही नाही, आणि एका दिवसात पुरा होण्याजोगा आहे.

प्रथम 'फेरा' या शब्दाचा अर्थ नीट ध्यानात घ्यावा. ज्या वाटेने चढावे त्याच वाटेने उतरावे, हा गिरिभ्रमणाचा साधा प्रकार होय. त्यात परतीची वाट ओळखीची असते. कंटाळा आला अथवा उशीर झाला तर जेथे असू तेथून मागे फिरले म्हणजे काम भागते. फेऱ्यात तसे नसते. एका वाटेने चढून दुसऱ्याच वाटेने मूळ ठिकाणी परतावयाचे असल्यामुळे नवनवे प्रदेश दृष्टीस पडतात खरे; परंतु अर्ध्याहून अधिक वाट चालून झाल्यावर मागे फिरण्यात काही लाभ उरत नाही, आणि जी वाट अनोळखी ती नेमकी पाय थकलेले असताना व दिवस कलता असताना वाट्यास येते. म्हणून फेऱ्यास निघणाराने पायांच्या बळापेक्षा हिशेबावर अधिक भिस्त ठेवावी, हे आमचे या लेखातील मुख्य सांगणे आहे.

आता या फेऱ्याचे स्वरूप पाहू. पुणे-लोणावळा लोहमार्गावरील मळवली या लहानशा स्थानकावर उतरावे. तेथून दक्षिणेस भाजे गाव लागते. गावापासून चढणीचा रस्ता दोन किल्ल्यांच्या मधल्या गायमुख खिंडीत जातो. या खिंडीत उभे राहिले म्हणजे उजव्या हातास लोहगड व डाव्या हातास विसापूर अशी रचना दिसते. प्रथम लोहगडवाडीवरून लोहगड चढावा, तो पाहून पुन्हा खिंडीत यावे, मग विसापूर चढून त्याचे विस्तीर्ण पठार ओलांडावे, आणि भाजे गावाच्या अंगास असलेल्या मोडक्या पायऱ्यांच्या वाटेने खाली उतरून भाजे येथील लेणी पाहत मळवलीस परतावे. हल्ली लोहगडवाडीपर्यंत मोटारी जातात व पुष्कळ लोक तेवढा एकच किल्ला पाहून परततात. त्यांस आम्ही नावे ठेवीत नाही. पण या दोन किल्ल्यांचा एकमेकांशी असलेला संबंध त्यांस कळत नाही, हे मात्र खरे.

डोंगरातील वाट कोसांनी किंवा किलोमीटरांनी मोजून भागत नाही. ती तासांनी मोजावी लागते. विल्यम नेस्मिथ नावाच्या एका स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली यासाठी एक सुटसुटीत नियम सांगितला, तो आजही जगभर उपयोगात आहे. आजच्या मापांत तो असा: सपाटीवरील दर ५ किलोमीटरांस एक तास, आणि त्याशिवाय दर ६०० मीटर चढणीस आणखी एक तास. लोहगडाची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे १,०३० मीटर व विसापूरची सुमारे १,०८० मीटर आहे. मळवलीपासून लोहगड, मग खिंडीत उतरून पुन्हा विसापूर, अशी दोन्ही चढणे मिळून ७०० मीटर व सगळी वाट १७ किलोमीटर असे हिशेबापुरते धरू. वाटेचे जवळजवळ साडेतीन तास आणि चढणीचा एक तास दहा मिनिटे मिळून सुमारे साडेचार तास होतात. परंतु हा नियम सराईत, दणकट माणसाच्या चालीचा आहे. शाळेतील मुलांचा मेळा त्या वेगाने चालत नाही. म्हणून आम्ही त्यात निम्म्याची भर घालून सात तास धरतो. किल्ले व लेणी पाहणे, जेवण आणि विसावा यांस तीन तास ठेवले म्हणजे दहा तास झाले.

पहाटेच्या गाडीने येऊन सकाळी सात वाजता मळवलीहून चालू लागले, तर संध्याकाळी पाच वाजता परत पोहोचावे असा याचा अर्थ. डिसेंबरात आपल्याकडे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. म्हणजे हाताशी उरला केवळ एक तास! कोणाचा पाय मुरगळला, वाट चुकली, एखाद्याच्या जोड्याचा तळ निघाला, तर त्याची भरपाई याच एका तासातून करावयाची. सात वाजता निघण्याऐवजी आठ वाजता निघणाऱ्या मंडळींनी हा तास मळवली स्थानकावरच खर्चून टाकलेला असतो, आणि ते त्यांस सायंकाळपर्यंत उमगत नाही.

यासाठी एक नियम घरून निघण्यापूर्वीच सर्वांनी मिळून ठरवावा. लोहगड उतरून दुसऱ्यांदा गायमुख खिंडीत आल्यावर घड्याळ पाहावे. दुपारचा एक वाजून गेला असेल, तर विसापुराकडे वळू नये. आल्या रस्त्याने भाज्यास उतरावे, लेणी पाहावी आणि सुखरूप घरी जावे. हा निर्णय खिंडीतच का घ्यावयाचा? कारण या साऱ्या फेऱ्यात परतीचा सोपा व ओळखीचा रस्ता जेथून फुटतो असे शेवटचे ठिकाण तेच होय. एकदा विसापूरच्या रानात शिरल्यावर अवघड उतार टाळता येत नाही. आणि तो घरीच का ठरवावयाचा? कारण खिंडीत उभे राहिल्यावर समोर किल्ला दिसत असतो, बरोबरची मंडळी 'चला, चला' म्हणत असतात, आणि अशा वेळी मागे फिरू म्हणणाऱ्यास भित्रा ठरण्याची लाज वाटते. आधी ठरलेल्या नियमामुळे ती लाज कोणा एकाच्या वाट्यास येत नाही. विसापूर तेथेच राहणार आहे; पुढील महिन्यातही तो चढता येईल.

सह्याद्रीतील वाटांचा स्वभाव कळावयास त्याच्या घडणीकडे पाहिले पाहिजे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भूगर्भातून तप्त शिलारसाचे लोटामागून लोट बाहेर पडले व थरावर थर साचून थिजले. त्यांपासून झालेला काळा पाषाण, ज्यास भूगर्भशास्त्रात बेसाल्ट म्हणतात, तोच आपला दख्खनचा खडक होय. या थरांत काही कठीण तर काही ठिसूळ आहेत. ठिसूळ थर पावसापाण्याने झिजून उताराचे झाले. कठीण थर उभ्या कड्यांच्या रूपाने शिल्लक राहिले. त्यामुळे आपले डोंगर दुरून पाहता जिन्याच्या पायऱ्यांसारखे दिसतात, आणि त्यांचे माथे बहुधा सपाट असतात. लोहगडवाडीसारखी वस्ती अशाच एका पायरीवर वसली आहे, आणि तिच्यावरील कठीण थराचा उभा कडा हाच किल्ल्याचा नैसर्गिक तट झाला आहे. माणसाने त्यावर केवळ थोडी भर घातली.

या ज्ञानाचा एक फार मोठा व्यावहारिक उपयोग आहे. वाट चुकलेला मनुष्य स्वाभाविकपणे असे म्हणतो की, ओढा खालीच जातो, तेव्हा त्याच्या काठाने उतरावे म्हणजे गाव लागेल. सह्याद्रीत हा विचार घातक ठरतो. ओढा प्रत्येक कठीण थराच्या कडेवर येऊन पोहोचला की धबधब्याच्या रूपाने सरळ खाली कोसळतो. त्याच्यामागून उतरणारा मनुष्य अशा जागी येऊन अडकतो की जेथून त्यास खाली जाता येत नाही व वरही चढता येत नाही. म्हणून वाट चुकल्याचे ध्यानात येताच थांबावे, सर्वांनी एकत्र यावे, आणि शेवटी जेथे वाट निश्चित ओळखीची होती तेथपर्यंत माघारी जावे. तेही न साधल्यास एका जागी बसून साद घालावी व ११२ या क्रमांकावर दूरध्वनी करावा. विसापूरचे पठार एवढे मोठे आहे की, धुके उतरले असता वर आलेली वाटच सापडत नाही. त्या किल्ल्यावर जावयाचे असल्यास खालच्या गावातील एखादा जाणता वाटाड्या बरोबर घ्यावा व त्यास योग्य मोबदला द्यावा, असे आम्ही आग्रहाने सांगतो.

लोहगडाची चढण बांधीव पायऱ्यांची असल्यामुळे वाट चुकण्याचे भय नाही. गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा असे चार दरवाजे एकामागून एक लागतात, आणि त्यांमधील वाट अशी वळणे घेत जाते की, वर चढणारा शत्रू सदैव वरच्या तटाच्या माऱ्यात राहावा. यांपैकी हनुमान दरवाजा सर्वांत जुना असून नारायण दरवाजा नाना फडणिसांनी बांधविला. गडावर त्यांनी बांधविलेले सोळा कोनांचे मोठे तळेही आहे. गडाच्या वायव्येस सुमारे दीड किलोमीटर लांबीची एक चिंचोळी सोंड पुढे गेली आहे. विंचवाच्या नांगीसारखी दिसते म्हणून तिला 'विंचूकाटा' म्हणतात. दोन्ही बाजूंस कडा असल्यामुळे तेथे सोसाट्याचा वारा वाहतो. कडेपासून दूर राहून एकामागून एक चालावे, धावण्याची चुरस तेथे लावू नये. दक्षिणेस पवना धरणाचा जलाशय व त्यापलीकडे तुंग आणि तिकोना हे किल्ले दिसतात. बोरघाटाने कोकणात उतरणाऱ्या प्राचीन व्यापारी मार्गावर येथून नजर ठेवता येत असे. शिवाजीमहाराजांनी हा किल्ला स्वराज्यात आणला, १६६५ च्या पुरंदरच्या तहात तो मोगलांकडे गेला आणि १६७० मध्ये परत मिळाला. २०२५ साली युनेस्कोने ज्या बारा मराठा दुर्गांस जागतिक वारशाचा मान दिला त्यांत लोहगडाचा समावेश आहे. असा मान मिळालेल्या भिंतीवर कोळशाने वा खिळ्याने आपले नाव कोरणारा विद्यार्थी आमच्या शाळेत निघू नये, एवढीच आमची इच्छा.

लोहगडावरून विसापुराकडे पाहिले म्हणजे एक गोष्ट सहज नजरेत भरते. शेजारचा किल्ला आपल्याहून थोडा उंच आहे. उंचीतील फरक पन्नास मीटरांच्या आसपास, आणि मध्ये केवळ एक खिंड. या फरकाची किंमत १८१८ सालच्या मार्च महिन्यात कळून आली. प्रॉथर नामक इंग्रज सेनानायकाने ४ मार्च रोजी प्रथम विसापूर घेतला. शेजारच्या उंच माथ्यावर शत्रूच्या तोफा आल्यावर लोहगड लढविणे अशक्य झाले, आणि दुसऱ्याच दिवशी तेथील शिबंदीने गड सोडला. पुढे इंग्रजांनी विसापूरचे दरवाजे व बांधकामे उद्ध्वस्त केली. म्हणूनच आज लोहगडाचे दरवाजे उभे आहेत व विसापुरावर मात्र लांबच लांब तट, पाण्याची टाकी, चुन्याचा घाणा आणि पडके अवशेष तेवढे आढळतात. पुस्तकात हा प्रसंग एका ओळीत संपतो. परंतु दोन्ही माथे एकाच दिवशी पायांखाली घालणाऱ्यास एका किल्ल्याच्या पडण्याने दुसरा का पडला हे कोणी समजावून सांगावे लागत नाही.

आता शरीराविषयी. चढताना वेग असा असावा की शेजाऱ्याशी बोलता यावे. बोलताना धाप लागली तर वेग अधिक झाला असे समजावे. सर्वांत पुढे वाट जाणणारा, सर्वांत मागे एक जबाबदार मोठा माणूस, आणि मंद चालणारी मुले पुढच्या बाजूस, असा क्रम ठेवावा. मंद मुलांस मागे ठेवले म्हणजे काय होते? पुढचे थांबून विसावा घेतात, मागचे धापा टाकीत येऊन पोहोचतात, आणि तेवढ्यात पुढचे उठून चालू लागतात. ज्यास विसाव्याची गरज अधिक त्यासच तो मिळत नाही. प्रत्येक दरवाज्यापाशी व खिंडीत मुलांची मोजदाद करावी.

उतरणे सोपे, ही समजूत खोटी आहे. चढताना मांडीचे स्नायू आखडून शरीर वर उचलतात. उतरताना तेच स्नायू ताणले जात असता शरीराचा भार सावरून धरतात. या कामात त्यांस सूक्ष्म इजा होते व गुडघ्यांवरही मोठा भार येतो. म्हणूनच दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना पाय दुखतात. उतारावर गुडघे किंचित वाकवून लहान पावले टाकावी, हातात काठी असावी, आणि पायांची नखे आदल्या दिवशीच कापलेली असावी. नवे कोरे जोडे घालून निघणे हे फोडांस आमंत्रण आहे. चार-सहा दिवस वापरलेले, तळास खाचा असलेले जोडे उत्तम.

पाणी दर माणशी किमान तीन लिटर घ्यावे आणि तहानेची वाट न पाहता थोडे थोडे पीत जावे. किल्ल्यावरील टाक्यांचे पाणी पूर्वी शिबंदीस पुरत असे, पण आज ते तसेच पिणे इष्ट नाही. शिदोरीत भाकरी, चटणी, गूळ, भाजलेले शेंगदाणे, काकडी, केळी यांहून अधिक काही नको. तळलेल्या पदार्थांनी तहान वाढते. घाम फार गेल्यास मीठ-साखर घातलेले पाणी द्यावे. टोपी, शिटी, विजेरी, पट्ट्या व जंतुनाशक मलम बरोबर असावे. कड्यावर आग्या मोहोळ दिसल्यास धूर, ओरडा अथवा दगडफेक यांपैकी काहीही करू नये. मुकाट्याने दूर व्हावे.

हा फेरा नोव्हेंबर ते फेब्रुवारी या महिन्यांत करावा. पावसाळ्यात हे डोंगर अत्यंत रमणीय दिसतात हे आम्ही जाणतो. पण शेवाळलेला पाषाण साबणासारखा निसरडा होतो, आणि वर डोंगरात पडलेल्या पावसाचा लोंढा खालच्या ओढ्यात काही क्षणांत येऊन पोहोचतो. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यानजीक भुशी धरणाच्या मागील प्रवाहात एकाच कुटुंबातील पाच जण पाहता पाहता वाहून गेले. पाण्यात शिरले तेव्हा ते पाणी उथळच होते. ही गोष्ट मुलांस भिवविण्याकरिता आम्ही सांगत नाही; डोंगरातील पाण्याचा स्वभाव असा असतो हे त्यांनी जाणावे म्हणून सांगतो.

फेऱ्याच्या अखेरीस भाज्याची लेणी येतात आणि ती याच वेळी पाहणे सर्वांत चांगले. कारण मुख्य चैत्यगृहाचे तोंड पश्चिमेस असल्यामुळे दुपार कलल्यावर प्रकाश आत शिरतो. येथे बावीस लेणी असून त्यांचे खोदकाम ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकापासूनचे आहे. चैत्यगृहाचे अष्टकोनी खांब किंचित आतल्या बाजूस कललेले आहेत. लाकडी इमारतीत छताचा भार पेलण्यासाठी खांब असे कलते ठेवीत. पाषाणात त्याची गरज नसताही कारागिरांनी ती चाल राखली. वर पाहिले तर छतास खऱ्या लाकडाच्या कमानी बसविलेल्या दिसतात. दोन हजार वर्षांपूर्वीचे ते लाकूड आजही टिकून आहे. जवळच लहानमोठ्या चौदा स्तूपांचा समूह आहे. थकलेल्या पायांनी त्या थंड पाषाणात घटकाभर बसावे. मात्र पाच वाजता मळवलीस पोहोचावयाचे आहे हे विसरू नये.

पालकवर्गास आमची एक विनंती आहे. मूल डोंगरावर जातो म्हणाले की 'नको' म्हणणे सोपे असते. आणि 'जा' म्हणून पुढे चौकशीच न करणे त्याहूनही सोपे. यांपैकी काहीही न करता त्यास चार प्रश्न विचारावे. कोणत्या वाटेने जाणार? बरोबर जाणते कोण? किती वाजता कोठे पोहोचणार? आणि कोणत्या ठिकाणी, किती वाजता मागे फिरावयाचे ठरले आहे? पहिल्या तिहींची उत्तरे बहुतेक मुले देतील. चौथ्याचे उत्तर ज्यास देता येईल त्यास निःशंक मनाने जाऊ द्यावे, आणि ती वेळ कागदावर लिहून घरी ठेवून घ्यावी.

विद्यार्थ्यांनो, नाताळच्या सुटीस अवकाश असेल तेव्हाच नकाशा पुढे घ्या, आपल्या गावाजवळचा एखादा डोंगर निवडा, वरील रीतीने तासांचा हिशेब मांडा आणि तो आपल्या शिक्षकांस व घरच्या वडील मंडळींस दाखवा. हिशेब जमला की शिदोरी बांधा. डोंगर तुमची वाट पाहत आहे, आणि संध्याकाळी घरची माणसेही पाहणार आहेत.